तेवीस फुल्या

कॅलेंडर टेबलावर उलगडलं तरी सरळ राहीना. काकूंनी एका टोकावर तळहात ठेवला की दुसरं टोक गुंडाळत मध्यापर्यंत यायचं. शेवटी कामगार ऑफिसातल्या अधिकारी बाईंनी स्वतःचा स्टेपलर एका कोपऱ्यावर ठेवला, चष्म्याचं घर दुसऱ्यावर, आणि उरलेले दोन कोपरे काकूंच्या हाताखाली गेले. महिना संपला की पान फाडायचं नाही, उलटून मागे टाकायचं, ही काकूंची सवय. म्हणून मार्चपासून ऑक्टोबरपर्यंतची सगळी पानं शाबूत होती. प्रत्येक पानाच्या माथ्यावर साबणाच्या पावडरीचा डबा आणि तो छातीशी धरून हसणारी एक बाई. पावडर पुरवणाऱ्या कंपनीने लॉन्ड्रीला फुकट दिलेलं कॅलेंडर ते. सहा खाटांच्या खोलीत काकूंच्या उशाशी खिळ्याला टांगलेलं असायचं.

बाई पान उलटत होत्या आणि पेन्सिलीच्या टोकाने काहीतरी मोजत होत्या.

"काकू, त्या विचारतायत, या फुल्या तू केल्यास?" दुभाषीने विचारलं.

"हो. मीच."

"रोज करायचीस?"

"रोज कशाला? ज्या त्या दिवशी."

दुभाषी तिशीची होती, याच देशात वाढलेली. तिचं मराठी आजीकडून आलेलं होतं आणि आजी गेल्यापासून ते फारसं वापरात नव्हतं. त्यामुळे तिच्या बोलण्यात फडताळ आणि न्हाणीघर असले शब्द सहज यायचे, आणि 'थकबाकी'ला ती दर वेळी अडखळायची. पहिल्या भेटीत तिने काकूंना सरळ काकू म्हटलं आणि अगंतुगं सुरू केलं. काकूंना ते बरं वाटलं. तसं लॉन्ड्रीतही सगळ्या जणी त्यांना काकूच म्हणायच्या, ज्यांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता त्यासुद्धा. पण 'काकू, तू' असं दीड वर्षात कोणी म्हटलं नव्हतं.

टेबलाच्या उजव्या हाताला लॉन्ड्रीचा मॅनेजर बसला होता. बायका त्याला आजउद्या म्हणत. पगार कधी, असं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं: आज होईल, उद्या होईल. नाव काकूंनीच ठेवलं होतं, पण काकूंच्या वरच्या खाटेवर झोपणाऱ्या, खोलीत सगळ्यांत लहान असलेल्या धाकटीने ते इतकं पसरवलं की मराठीचा गंध नसलेल्या बायकाही तो येताना दिसला की 'आजुद्या, आजुद्या' करायच्या. त्याला वाटायचं, साहेबाला यांच्या भाषेत असंच काहीतरी म्हणत असतील. तो मान हलवून नमस्कार घ्यायचा.

आठ महिन्यांचा पगार अडकला होता आणि व्हिसाचे चार दिवस उरले होते. व्हिसा लॉन्ड्रीच्या नावावर होता. लॉन्ड्री सुटली तशी इथे राहायची परवानगीही सुटली. आज या टेबलावर निकाल लागला तर पैसे तीन दिवसांत याच ऑफिसात जमा व्हायचे होते. नाही लागला तर प्रकरण कोर्टात जाणार आणि काकू विमानात. विमानात बसलेल्या बाईच्या पगारासाठी कोर्टात कोण उभं राहतं?

आणि घरी जाऊबाई वाट बघत होत्या. काकूंची नव्हे, पाटल्यांची. नवऱ्याची नजर अधू झाली आणि शाळेच्या मुलांची व्हॅन विकावी लागली, तेव्हा काकूंनी परदेशी जायचं ठरवलं. एजंटाचे पैसे भरायला जाऊबाईंनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या होत्या. देताना चकार शब्द बोलल्या नाहीत. मात्र तेव्हापासून प्रत्येक फोनवर, सगळं बोलून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता म्हणायच्या, "हात कसा हलका हलका वाटतो गं हल्ली."

आजउद्याचं म्हणणं असं होतं की ही बाई रोजची कामगार नव्हतीच, गरज पडेल तशी बोलवायचो. हजेरीच्या अंगठ्याच्या मशीनमधली नोंद कॉम्प्युटर बदलताना पुसली गेली. शिवाय त्याने सकाळी एक लेखी अर्जही दिला होता की कंपनी तोट्यात आहे, जे काही देणं निघेल त्याला मुदत मिळावी. बाईंनी तो अर्ज फायलीत लावून ठेवला होता, आणि मग काकूंना विचारलं होतं की तुमची स्वतःची काही नोंद आहे का. तेव्हा काकूंनी पिशवीतून कॅलेंडर काढलं.

बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी कागदावर एक आकडा लिहिला.

आजउद्याने मान लांब करून तो वाचला. मग स्वतः कॅलेंडर ओढून घेतलं, पानं उलटली, ओठ हलवत मोजलं. त्याचा चेहरा उजळला. तो भरभर काहीतरी बोलला.

"ते म्हणतायत, बरोबर आहे," दुभाषी म्हणाली. "तेवीस दिवस. कंपनीचंही हेच म्हणणं आहे. तेवीस दिवसांचे पैसे ते आत्ता, इथेच द्यायला तयार आहेत."

त्याने खिशाकडे हातसुद्धा नेला. आठ महिन्यांत तो हात तिकडे जाताना काकू पहिल्यांदा बघत होत्या.

"कसले तेवीस?"

"तू काम केलेले दिवस. या फुल्या."

"अगं, उलटं," काकू म्हणाल्या. "उलटं आहे सगळं. फुली म्हणजे खाडा. सांग त्यांना. खाडा आहे तो."

दुभाषीने समजल्यासारखी मान हलवली आणि सांगितलं. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. टेबलावरून जरा वाकून काकूंच्या पायांकडे पाहिलं. मग खालच्या खणातून एक गुलाबी फॉर्म काढला.

"त्या विचारतायत, खड्डा कुठे होता? लॉन्ड्रीच्या आत की आवारात? आणि तेवीस वेळा पडलीस, तर एकदाही दवाखान्यात कशी गेली नाहीस?"

काकू तिच्याकडे बघत राहिल्या.

"खड्डा नव्हे गं बाई. खाडा."

"ते वेगळं असतं?"

"तुझ्या आजीकडे दूध कसं यायचं?"

"दुकानातून. आजी इथेच तर होती."

"मग झालं," काकू म्हणाल्या, आणि खुर्चीत नीट बसल्या. "हे बघ. आमच्याकडे रोज सकाळी दूधवाला येतो. पैसे महिन्याचे एकदम. आता तो किती दिवस आला, हे कसं कळायचं? कॅलेंडरवर लिहायचं. पण रोज आला, रोज आला, असं कोण लिहीत बसणार? येतोच तो. ज्या दिवशी नाही आला, त्या दिवशी फुली मारायची. तो खाडा. महिन्याच्या शेवटी खाडे वजा करायचे, बाकीचे सगळे त्याचे."

"म्हणजे जिथे काहीच लिहिलेलं नाही, तिथे दूध आलं."

"आलं."

"आणि जिथे काहीच नाही, तिथे तू कामाला गेलीस."

"गेले."

दुभाषी बराच वेळ बोलत होती. मध्येच तिने हाताने किटली दाखवली, दार दाखवलं, वजाबाकी दाखवली. गुलाबी फॉर्म खणात परत गेला. पण बाईंच्या कपाळावरची आठी गेली नाही. त्यांनी एक वाक्य उच्चारलं आणि आजउद्या मोठ्याने हसला.

"त्या म्हणतायत, मग मी उद्या कोरं कॅलेंडर घेऊन आले तर मलासुद्धा वर्षभराचा पगार मिळेल."

काकूंना हसू आलं नाही, पण रागही आला नाही. बाईंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. घरचं कॅलेंडर ओट्याच्या वर टांगलेलं असायचं आणि दूधवाला दारातून ते वाचू शकायचा. वहिनी, तुमच्या कॅलेंडरला मी पोलिसापेक्षा जास्त भितो, असं म्हणायचा, पण खाडे कबूल करायचा, कारण कुठल्या दिवशी आपली म्हैस आटली होती ते त्यालाही माहीत असायचं. एक गोष्ट दोघांना माहीत असली की कागद नुसता आठवणीपुरता. इथे ती एकट्या काकूंना माहीत होती.

नाही, एकट्या कशा? त्यांनी मे महिन्याचं पान वर आणलं. अकरा ते सोळा, ओळीने सहा फुल्या. बॉयलरची नळी फुटली होती. वाफ नाही म्हणून इस्त्रीचा रोलर बंद, रोलर बंद म्हणून हॉटेलांच्या चादरींचे ढीग जिन्यापर्यंत आले होते. आठवड्याची सुट्टी करारात होती, लॉन्ड्रीत नव्हती. ती सहा दिवसांची तेवढी खरी सुट्टी. धाकटी आणि काकू रोलरवरची जोडी, चादरीची दोन टोकं दोघींनी धरून आत सोडायची. ते सहा दिवस हातात धरायला काही नाही म्हणून धाकटीने सगळ्यांना पत्ते शिकवले होते.

"विचार त्यांना, अकरा ते सोळा मे लॉन्ड्रीत काय चाललं होतं?"

आजउद्याने लगेच उत्तर दिलं.

"ते म्हणतायत, काय चालणार, काम चाललं होतं. आणि तू कामाला होतीस. फुल्या आहेतच की, म्हणतायत."

"बरं. आणि तीन ते सहा ऑगस्ट?"

"तेव्हाही होतीस, म्हणतायत. चारही दिवस."

"त्यांनी सकाळी दिलेला कागद बाईंना एकदा वाचायला सांग. मी बाकावर बसले होते, तू मला वाचून दाखवलास ना, तो."

बाईंनी फाईल उघडली. अर्ज काढला. पेन्सिल अर्जावरून कॅलेंडरवर गेली, परत अर्जावर आली. मग त्यांनी ऑगस्टचं पान शोधलं. आजउद्याला आपल्याच कागदात काय लिहिलंय ते आठवलं असावं, कारण तो फायलीच्या रबराशी खेळायला लागला. कंपनीच्या तोट्याची कारणं त्याने तारीखवार दिली होती. अकरा ते सोळा मे, बॉयलर बंद, काम पूर्ण ठप्प. तीन ते सहा ऑगस्ट, पाण्याची मुख्य लाईन फुटली, काम पूर्ण ठप्प.

बाई काही बोलल्या, शांतपणे.

"त्या विचारतायत," दुभाषी म्हणाली, आणि हसू दाबायला तिला खाली बघावं लागलं, "की लॉन्ड्री बंद असताना ही बाई एकटी आत जाऊन काय धूत होती?"

बाईंनी तेवीसवर काट मारली. दोनशे पंचेचाळीस लिहिलं, त्यातून तेवीस वजा केले, खाली दोनशे बावीस लिहिलं आणि आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

टेबलाखाली दुभाषीने काकूंचा हात दाबला. "झालं, काकू. दोनशे बावीस दिवस. आता नुसती सही."

सहीआधी बाई प्रत्येक पानावर ऑफिसचा शिक्का मारत होत्या. मार्च. एप्रिल. मे. जूनचं पान वर आलं. काकूंनी कोपऱ्यावर ठेवलेला हात उचलला नाही. शिक्का वरच्या वर थांबला.

"काकू, हात."

काकूंचा अंगठा सतरा तारखेच्या चौकोनापाशी होता. तो पुढे सरकत पंचवीसपर्यंत गेला. चौकोन स्वच्छ होते, मार्चमधल्यासारखे, सप्टेंबरमधल्यासारखे.

"हे नऊ दिवसही खाडे आहेत," त्या म्हणाल्या. "लिहायचे राहिले."

दुभाषीने भाषांतर केलं नाही. आवाज खाली आणून ती म्हणाली, "त्यांनी विचारलेलं नाहीये."

"माहितेय."

"कुणाकडे नोंद नाही त्याची."

"हो गं."

"काकू, ऐक. आता तू स्वतःच्या तोंडाने एक रिकामी जागा चुकीची म्हणालीस, तर तो म्हणणार, सगळ्याच चुकीच्या. मग परत तेवीस. मग कोर्ट. तुझं विमान शुक्रवारी आहे. कळतंय ना, मी काय म्हणते ते?"

"कळतंय."

"मग राहू दे. नऊच तर दिवस आहेत."

काकूंनी पानाकडे पाहिलं. शिक्का हातात धरून बाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या.

"कोरं ठेवलं तर रोजच्यासारखं धरतील," काकू म्हणाल्या.

"धरू देत की."

"नको."

त्यांनी हात पुढे केला, आणि बाईंनी, काय चाललंय ते न कळताच, आपली पेन्सिल त्यांच्या हातात दिली. काकूंनी सतराच्या चौकोनात फुली मारली. मग अठराच्या. घाई केली नाही. पंचविसावी मारून झाल्यावर पेन्सिल टेबलावर ठेवली आणि ती घरंगळू नये म्हणून कॅलेंडरच्या कडेला टेकवली. तेव्हा कुठे दुभाषीने सांगितलं, अगदी थोडक्यात.

आजउद्या खुर्चीत पुढे सरसावला. त्याचा आवाज चढला होता. बोलता बोलता त्याने दोनशे बावीसच्या आकड्यावर बोट आपटलं.

"म्हटलं होतं ना मी," दुभाषी पुटपुटली. "तो म्हणतोय, हिचं हिलाच माहीत नाही कधी काम केलं ते. या कागदाला काही अर्थ नाही. सगळं रद्द करा."

बाईंनी तळहात वर करून त्याला थांबवलं आणि काकूंकडे वळून एक शब्द विचारला. तो शब्द काकूंना कळला. लॉन्ड्रीत रजेच्या कागदावर तोच छापलेला असायचा.

"कारण विचारतायत. ताप, बॉयलर, पाणी, प्रत्येक खाड्याला कारण लिहायचंय. या नऊ दिवसांना काय लिहायचं?"

"घरी होते, म्हणून सांग."

"घरी? तू जूनमध्ये घरी जाऊन आलीस?"

"नाही गं." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "सतराला सकाळी लेकीचा फोन आला. तिचे बाबा गेले, म्हणाली. मी पिशवी भरली. पण पासपोर्ट लॉन्ड्रीच्या कपाटात. हा माणूस खोलीवर आला, दारात उभा राहिला. म्हणाला, गेलीस तर व्हिसा गेला आणि राहिलेला पगारही गेला. आज-उद्या पगार होतोय, तो घे आणि मग जा. लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, आई, तू नको धावपळ करूस, इथलं सगळं झालंय. धाकटी उशाशी डबा ठेवून जायची. संध्याकाळी तोच उचलून न्यायची. नऊ दिवस मी काही इथे नव्हते. दहाव्या दिवशी रोलरवर गेले."

दुभाषीने एकदा नाक ओढलं आणि फायलींच्या कपाटाकडे बघत राहिली.

"हे सगळं सांगू त्यांना?"

"नको. तेवढंच सांग."

दुभाषीने तेवढंच सांगितलं. त्या भाषेतही ते दोनच शब्द होते आणि दोन्ही काकूंच्या ओळखीचे होते. बाईंनी रकान्यात ते लिहिले, शेजारी तारखा लिहिल्या, सतरा ते पंचवीस जून, आणि मान वर न करता आजउद्याला विचारलं की याला कंपनीची हरकत आहे का.

तो उत्तर द्यायला तोंड उघडून बसला होता. त्याने रकान्यातले दोन शब्द वाचले. मग त्याची नजर कॅलेंडरवर गेली, सतरावर, आणि तिथेच राहिली. काकू त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्याने फायलीचं रबर ओढलं, पुन्हा सोडलं.

"नाही," तो म्हणाला.

बाईंनी विचारलं, बाकीच्या दिवसांबद्दल?

त्याने नकारार्थी मान हलवली. बाईंनी ती मान कागदावर उतरवून घेतली, तिच्याखाली त्याची सही घेतली, आणि दोनशे बावीस खोडून दोनशे तेरा लिहिलं.

मग कागद काकूंच्या पुढे आला. सहीसाठी ठिपक्यांची एक ओळ होती, तोकडी. काकूंची इथली सही म्हणजे स्वतःचं नाव आणि पुढे आडनाव. मधलं नाव कोणी मागत नसे, म्हणून त्यांनीही ते लिहायचं सोडलं होतं. त्यांनी पेन घेतलं, स्वतःचं नाव लिहिलं आणि थांबल्या. मग नवऱ्याचं नाव लिहायला घेतलं, काना, वेलांटी, सगळं जिथल्या तिथे. आडनावाला ओळीवर जागा उरली नाही. ते खाली लिहावं लागलं.